लंगडा ताल

बिन तरीफांच्या घरी लग्न निघालं की वाळवंटाकाठच्या बीर लहमर गावात दोन गोष्टी व्हायच्याच. त्यांच्या चौकात कुसकुसच्या पराती लागायच्या, आणि बरका मावशीला डफ घेऊन बोलावणं यायचं. बोलावणं म्हणायचं आपलं. एक गडी यायचा, दारातूनच ओरडायचा, "गुरुवारी मेंदी आहे गं!" आणि उत्तराची वाट न बघता परत फिरायचा. मावशी येणार नाही, अशी शंका त्या घराला कधी आलीच नव्हती. मावशीच्या आधी तिची आई जायची, आईच्या आधी आजी.

मेंदीच्या दुपारी चौक बायकांनी भरला की बिन तरीफांची सगळ्यात मोठी बाई मधोमध खुर्ची टाकून बसायची आणि मोठ्या आवाजात विचारायची, "तू कोणाची गं?" डफवालीने उठायचं, मान खाली घालायची आणि म्हणायचं, "मी या घराची. सिदी तरीफने ज्यांना मोकळं केलं, त्यांची." मग बायका किलकाऱ्या मारायच्या, कुणी ओंजळभर बदाम तिच्या पदरात टाकायचं, आणि गाणं सुरू व्हायचं. त्या घराचा मूळ धनी सिदी तरीफ, त्याचा एकुलता एक मुलगा तापाने फणफणला, बापाने नवस बोलला, ताप उतरला, आणि त्या दयाळू माणसाने आपली गुलाम जाफ्राना आणि तिची पोर यांना मोकळं केलं. गाण्यात एका जागी ठेका अडखळतो, पाय मुरगळल्यासारखा एक ठोका गळतो. त्याला लंगडा म्हणत. त्या गळलेल्या ठोक्यावर डफवालीने मालकिणीपुढे वाकायचं, अशी रीत होती. ठोका का गळतो, ते कुणाला ठाऊक नव्हतं. वाकायला जागा मिळावी म्हणून, असं बिन तरीफ सांगत.

एवढ्यावरही भागलेलं नव्हतं. मावशीच्या घराण्याचं आडनावच होतं 'अतीक बिन तरीफ', म्हणजे बिन तरीफांनी मोकळे केलेले. सरकारी ओळखपत्रावर, दवाखान्याच्या केसपेपरवर, शाळेच्या हजेरीत, सगळीकडे तेच. ज्यांनी माणसं विकत घेतली त्यांच्या आडनावात त्याचा मागमूस नाही, आणि ज्यांना विकलं त्यांनी मात्र ते जन्मभर गळ्यात घालून फिरायचं. वर पुन्हा आभार मानायचे.

या वर्षी मावशीच्या गुडघ्यांनी हात टेकले. आधाराशिवाय उठून उभं राहणं तिला जमेना, म्हणून ते उत्तर देण्याची पाळी तिच्या भाचीवर आली. शाद्लिया तिचं नाव. चाळिशी ओलांडलेली, उन्हाळाभर समुद्राकाठच्या हॉटेलात चादरी धुणारी, आणि उरलेल्या दिवसांत गाबेसपासून सरहद्दीपर्यंतच्या लग्नांत डफ वाजवणारी. वाजवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोंडही तसंच चालायचं. पण या वेळी मेंदीच्या आधीच सफाक्सला कॉलेजात शिकणाऱ्या तिच्या लेकीचा, रिहाबचा, फोन आला होता.

"आई, तू उठून ते म्हणणार आहेस?"

"अगं, रीत आहे ती. दोन वाक्यं तर म्हणायची."

"दोन वाक्यं? इथे सगळ्या वर्गासमोर सरांनी विचारलं, अतीक म्हणजे काय? मी सांगितलं, आणि पुढच्या बाकावरचा हसला. मी आडनाव बदलायला कोर्टात जाणार आहे, आणि तू तिकडे तेच आडनाव डफावर वाजवणार? तू ते म्हणालीस ना, तर मी पुन्हा त्या गावात पाय ठेवणार नाही. तुझ्या घरातसुद्धा नाही."

रिहाब पोकळ धमक्या देणारी नव्हती. लहानपणी एकदा चिडून दोन दिवस जेवली नव्हती, तिसऱ्या दिवशी आईलाच रडू फुटलं होतं.

शाद्लियाने हे मावशीला सांगितलं, तेव्हा मावशी खजूर निवडत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

"काप म्हणावं नाव. कापून मागे उरतं काय ते पण सांग म्हणावं तिला. कुणीतरी आपल्यावर दया केली, एवढं तरी आपल्याकडे आहे. त्याच्या मागे काय आहे? आपल्या जाफ्रानाचं तोंड कसं होतं, कुठली होती, काय बोलायची, काही माहीत आहे तुला? मला तरी आहे? त्या गाण्याच्या पलीकडे नुसता अंधार आहे, पोरी. अंधाराची लेक होण्यापेक्षा कुणाच्या तरी दयेची झालेली बरी. आणि हे घर ज्या जमिनीवर उभं आहे ती कुणाची, ते पण सांग तिला."

 एकदा मागे, त्या काळात जाऊन डोळ्यांनी बघता आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच शाद्लियाच्या मनात आलं. असं काय, आपल्या सगळ्यांच्याच मनात येतं.

मेंदीच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, कांडप होतं. लग्नाच्या मसाल्याचं पहिलं कांडप काळ्या हातांनी झालं की नवरीला दृष्ट लागत नाही, अशी त्या घराची समजूत. एरवी त्याच हातांनी दिलेला पाण्याचा पेला त्यांच्यातले काही जण दोनदा धुऊन घेत, ते वेगळं. बिन तरीफांच्या मागच्या अंगणात, विहिरीच्या दाराजवळ, ऑलिव्हच्या खोडाचं कंबरभर उंच उखळ होतं. याच उखळाने त्या घराचं उखळ पांढरं केलं, असं शाद्लिया चेष्टेने म्हणायची. कांडताना पायात चप्पल घालायची नाही आणि अंगावर जुनं लाल पट्ट्यांचं वस्त्र गुंडाळायचं, असंही ठरलेलं होतं. जुन्या काळच्या गुलाम बायकांसारखं दिसल्याशिवाय बरकत येत नसावी.

"ही आमची शाद्लिया," लाल्ला बहीजा लग्नाला आलेल्या एका पाहुणीला म्हणाली. लाल्ला म्हणजे मालकीणबाई; बहीजा ही आता त्या घरातली सगळ्यात मोठी बाई, सत्तरीची, गोरीपान, बोलायला मऊ. "आमच्याच घरातली. बाहेरची नाही हो." मग शाद्लियाकडे वळून म्हणाली, "नीट बारीक कर गं. मी वर जरा पडते."

शाद्लियाने उखळात धने आणि शहाजिरे टाकले, कोपऱ्यात उभी असलेली दोन मुसळं बघितली, त्यातलं एक उचललं आणि रागारागाने हाणलं. आमच्याच घरातली! आणखी एक हाणलं. तिसऱ्या घावाला धन्यांचा वास गेला.

नाकात शिरला तो सातूचा कोंडा. ऊन तेच होतं, भिंतही तीच, पण प्लास्टिकच्या खुर्च्या नव्हत्या, गच्चीवरची पाण्याची टाकी नव्हती, आणि उखळाच्या पलीकडून दुसरं मुसळ खाली येत होतं. ते धरणारी बाई तिच्याकडे डोळे वटारून बघत होती.

"थांबू नकोस!" ती बाई दबक्या आवाजात म्हणाली. "कुठून टपकलीस ते मग सांग. आधी मुसळ चालव."

"अगं पण..."

"काय झालं गं खाली?" वरच्या खिडकीतून झोपाळू आवाज आला.

"काही नाही, लाल्ला!" ती बाई ओरडली. शाद्लियाचे हात आपोआप चालू लागले. डफवालीला ठेका मिळाला की हात डोक्याला विचारत बसत नाहीत. धप, धप. धप, धप. डोकं मात्र गरगरत होतं. उन्हाने भोवळ आली असेल, असं तिने स्वतःला सांगून बघितलं. पण भोवळीत कोंडा घशात जात नाही, आणि समोरच्या बाईच्या मनगटावरचा, दोरीने कापून वर आलेला वण इतका स्पष्ट दिसत नाही. त्या बाईच्या कपाळाची ठेवण थेट रिहाबसारखी होती. उखळाच्या सावलीत चार-पाच वर्षांची एक पोर अंगठा चोखत पडली होती.

तेवढ्यात वरची बाई जिना उतरून खाली आली. गोरीपान, लाल्ला बहीजाच्याच वळणाची. शाद्लियाच्या तोंडाकडे तिने बघितलंच नाही. दंडाला चिमटा घेऊन मांस किती आहे ते पाहिलं आणि विचारलं, "तू कोणाची गं?"

तोच प्रश्न. तोच सूर. लहानपणापासून शाद्लियाने तो डफाच्या आधी ऐकला होता, किलकाऱ्या आणि बदामांच्या आधी ऐकला होता. लग्नातले लटके सवाल-जबाब, असंच तिला वाटायचं. आज पहिल्यांदा तिला त्याचा अर्थ कळला. वाटेत सापडलेल्या शेळीबद्दल विचारतात ना, ही कुणाची, तसा तो प्रश्न होता. तिच्या अंगाची लाही झाली. ती तोंड उघडणार इतक्यात समोरची बाई चटकन म्हणाली, "नवरदेवाच्या घरून पाठवली आहे, लाल्ला. कांडपाला."

"हात बरे आहेत," मालकीण म्हणाली. मग पायाने त्या पोरीला जरा हलवून बोलली, "जाफ्राना, हिला उद्या न्हाऊ घाल. केस विंचर. वरातीबरोबर जायची आहे, जरा बरी दिसू दे." आणि वर गेली.

जाफ्राना! शाद्लियाच्या हातातलं मुसळ जड झालं.

"कुठे जायची आहे वरातीबरोबर?" तिने विचारलं.

"नवरीच्या सामानात. दोन गालिचे, तांब्याची भांडी, आणि माझी पोर." ती बाई हे रडत बोलली नाही, मुसळ आपटत बोलली. "मला तू कोण ते माहीत नाही. नवरदेवाच्या घरची नाहीस, तुझ्या पायांचे तळवे मऊ आहेत. पण आलीस ते बरं झालं. नीट ऐक. ही बाई दुपारी मुसळांच्या आवाजावर झोपते. दोन मुसळं वाजत असली की घोरते. एक थांबलं की उठून खिडकीत येते. माझ्याबरोबर कांडणारी म्हातारी गेल्या महिन्यात मेली. मी तर आज एका मुसळावर ती झोपली तेवढ्यात निघायचा जुगार खेळणार होते."

"पळून जाणार? कुठे?"

"पळून नाही. पोरीला पाठीवर घेऊन पळता येतं का? चालत जाणार. सिदी हम्मूदच्या दर्ग्यात. तिथे थडग्यावरची चादर धरली की कुणाच्या बापाची टाप नाही ओढून न्यायची. खुद्द राजाचा, बेचा, शिपाई सुद्धा दाराबाहेर चपला काढून थांबतो."

सिदी हम्मूदचा दर्गा शाद्लियाला माहीत होता. खारट जमिनीपलीकडे, टेकाडावर. दर उन्हाळ्यात ती तिथे मेणबत्ती लावायला जायची, पण तिथे आपलं काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला एकदम सगळं दिसलं, आणि जे दिसलं ते पोटात ठेवणं तिला जमेना.

"तरीफ म्हणेल त्यानेच तुला मोकळं केलं," ती म्हणाली. "मुलगा बरा झाला म्हणून. दया आली म्हणून. लोक गाणं करतील त्याचं."

ती बाई हसली. पुढचे दोन दात पडलेले होते, तरी हसू फक्कड होतं.

"म्हणेलच. दर्ग्याच्या दाराशी बसून आधी शिव्या देईल. मग गाव जमेल. मग लाज राखायला चारचौघांत म्हणेल, जा, मी हिला सोडली. म्हणू दे. तोंड त्याचं आहे, पाय माझे आहेत." तिने घामाचं कपाळ दंडाला पुसलं. "पण गाणं गाणार कोण? त्या मेल्याला सूर कुठे आहे?"

शाद्लियाकडे याचं उत्तर होतं. गाणार मी. माझी मावशी गाते, मावशीची आई गात आली. तुझ्याच पोरीच्या पोरी. ती खाली सातूकडे बघत राहिली. आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाजेच्या पाठोपाठ जो राग आला तोही कधी आला नव्हता.

"दे इकडे," ती म्हणाली.

"काय?"

"तुझं मुसळ. दोन्ही मी वाजवते."

"दोन हातांत दोन मुसळं? वेडी आहेस? कशी..."

"जाफ्राना, मी दुसरं काही येत असलं-नसलं तरी हे येतं. दे."

ती बाई थबकली. मुसळ हातात देताना म्हणाली, "ते नाव त्यांनी ठेवलंय. केशर म्हणे! स्वयंपाकघरातल्या डब्यांची नावं ठेवतात आम्हाला. माझं नाव तलातू. आमच्याकडे मंगळवारी जन्मलेल्या मुलीला तलातू म्हणतात."

एवढं बोलून तिने पोरीला पाठीवर घेतलं, फडक्याने घट्ट बांधलं, डोक्यावर रिकामी घागर ठेवली, आणि पाण्याला निघाल्यासारखी विहिरीच्या दाराने बाहेर पडली. मागे वळून बघितलं नाही. बघण्यात वेळ घालवणारी बाई नव्हती ती.

शाद्लिया वाजवू लागली. उजव्या हाताचं मुसळ दणदणीत, डाव्याचं जरा हलकं, म्हणजे वरून ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या बायका वाटाव्यात. एक तरणी, एक दमलेली. खांदे पेटले. तळव्यांना फोड आले आणि फुटले. वर घोरणं चालू होतं. तलातू आता खजुरांच्या बागेपलीकडे गेली असेल, आता खारट जमिनीला लागली असेल, असं ती मनात धरून वाजवत राहिली. आणि मग डाव्या हातातलं मुसळ रक्ताने बुळबुळीत होऊन सटकलं. एक ठोका गळला.

घोरणं थांबलं. "काय झालं गं?"

 बरका मावशीने शाद्लियाला डफ शिकवताना पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं ते तिच्या हातांना आठवलं. चुकलीस तर तोंड वेडंवाकडं करू नकोस, पुढच्या फेरीत त्याच जागी पुन्हा चूक. पुन्हा पुन्हा चुकलीस की लोक त्याला ताल म्हणतात. तिने पुढच्या फेरीत तोच ठोका मुद्दाम गाळला. त्याच्या पुढच्या फेरीतही. आणि तोंडाने काहीतरी गुणगुणायला लागली.

"हा कसला लंगडा ठेका?" वरून आवाज आला.

"लग्नाचा आहे, लाल्ला! आमच्याकडचा!"

"बरं, बरं. चालू दे," म्हणत खिडकी लागली. थोड्या वेळाने घोरणं पुन्हा सुरू झालं.

आपण काय वाजवतो आहोत ते शाद्लियाला आत्ता ऐकू आलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून, खूप लांबून, टाळ्या आल्या. आईच्या पाठीवर बांधलेली पोर जागी झाली होती आणि मागून ऐकू येणाऱ्या ठेक्यावर टाळ्या पिटत होती. लहान पोरांना ताल पटकन उचलता येतो. गळलेल्या ठोक्याला ती बरोबर थांबत होती. शाद्लियाने त्या टाळ्या ऐकू येईनाशा होईपर्यंत वाजवलं, आणि त्यानंतरही वाजवलं. रडत होती आणि वाजवत होती.

नाकात धन्यांचा वास भरला. गच्चीवर पाण्याची टाकी होती. लाल्ला बहीजा जिना उतरत होती.

"दुसरी कोण आली होती गं मदतीला? मला वर दोन मुसळांचा आवाज येत होता. काय मस्त झोप लागली!" तिने उखळात डोकावून बघितलं. "अगं, पिठासारखं केलंस की! आणि हातांना हे काय लावून घेतलंस?"

"फोड आले," शाद्लिया म्हणाली. 'लाल्ला' हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. लाल्ला बहीजाच्या ते लक्षातही आलं नाही.

घरी येऊन तिने मावशीला सगळं सांगितलं. मावशीने तिच्या तळव्यांना तेल लावलं, फडकं बांधलं आणि म्हणाली, "भर उन्हात कांडलंस. डोक्यावर ओलं फडकं ठेव."

"मावशी, तिने स्वतःचं नाव सांगितलं मला. तलातू."

मावशीचा हात थांबला. ती भिंतीला धरून उठली, गुडघे कुरकुरत माठाकडे गेली आणि पेला भरला. पाणी प्यायली नाही. परत आली तेव्हा तिने एवढंच म्हटलं, "गुरुवारी असलं काही बोलू नकोस. या वयात मला घर शोधायला लावू नकोस." आणि ती खजूर निवडायला बसली.

गुरुवारी दुपारी रिहाब सफाक्सहून आली. आली म्हणजे बिन तरीफांच्या विहिरीच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, बॅग खांद्याला तशीच.

"आत ये ना," शाद्लिया म्हणाली.

"इथून ऐकते. मग ठरवते."

"हात बघितलेस माझे?"

"काय झालं?"

"सांगते. तुझ्या एकटीला नाही, सगळ्यांनाच सांगते."

चौक खचाखच भरला होता. नवरी हिरव्या रेशमात, मेंदीने भरलेले हात गुडघ्यांवर पसरून बसली होती. मोगऱ्याचे गजरे, लवंगांच्या माळा, पुदिन्याच्या चहाचे पेले. मावशी भिंतीला टेकून बसली, मांडीवर तिचा जुना डफ, शेजारी शाद्लिया. लाल्ला बहीजाने खुर्ची मधोमध ओढून घेतली, हसतमुखाने सगळ्यांकडे पाहिलं, आणि विचारलं,

"तू कोणाची गं?"

शाद्लिया उठली. मान खाली घातली नाही.

"मी तलातूची."

पहिल्यांदा बायकांना वाटलं, नवीन काहीतरी गमतीचं आहे. एकदोघींनी किलकारीसाठी तोंडही उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"कोण तलातू?" लाल्ला बहीजा अजून हसत होती.

"तुम्ही जिला जाफ्राना म्हणता ती. तिची पोर या घराच्या नवरीबरोबर सामानात जाणार होती. तलातूने तिला पाठीवर बांधलं आणि या विहिरीच्या दाराने चालत सिदी हम्मूदला गेली. तिला कुणी मोकळं केलं नाही. तुमचा तरीफ नंतर दर्ग्याच्या दाराशी जे काही बोलला, ते स्वतःची लाज झाकायला बोलला."

"वा गं वा! आणि हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मागे मुसळं मी वाजवत होते." तिने दोन्ही तळवे पसरून दाखवले. "तुम्हीच ऐकलीत, मंगळवारी. दोन मुसळं. झोप छान लागली म्हणालात."

काही बायका हसल्या, काही नुसत्या बघत राहिल्या. नवरीने हात गुडघ्यांवरून काढून घेतले, मेंदी रेशमाला लागली. लाल्ला बहीजाचं हसू मात्र गेलं होतं. चारचौघांत या बाईला असं उत्तर कधी मिळालं नव्हतं. ती मावशीकडे वळली, आणि आवाज पुन्हा मऊ केला.

"बरका, हिला ऊन लागलंय. किंवा लेकीने शहरातून काहीतरी डोक्यात भरवलंय. जाऊ दे, पोरीची जात. आम्ही तुम्हाला कधी काही कमी केलं का? घराला जागा दिली, ईदला कापड दिलं. तू सांग, तुझ्या तोंडून सगळ्यांना ऐकू दे. तू कोणाची?"

शाद्लियाने मावशीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर विनवणी केल्यासारखं झालं असतं, आणि म्हातारीवर तिला ते ओझं घालायचं नव्हतं. मावशीने तिच्या पदराला धरलं, दुसऱ्या हाताने भिंत धरली, आणि वर्षभरात उभी राहिली नव्हती तशी ताठ उभी राहिली.

"माझी आजी," ती म्हणाली, "मुसळ उचलायच्या आधी एक नाव घ्यायची. तोंडातल्या तोंडात. आई घ्यायची. मीही घेते. कुणापुढे बोलले नाही आजवर, हिच्यापुढेसुद्धा नाही. आम्हाला वाटायचं, दुवा आहे, अर्थ विसरलाय. ते नाव हिला कुठून कळलं, ते अल्लाला माहीत. पण ते नाव तलातू." तिने भिंत सोडली. "तेव्हा बहीजा, मी पण तिचीच."

बहीजा. लाल्ला नाही. उभ्या आयुष्यात मावशीने त्या घरातल्या कुणाला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग इथे काय काम आहे तुमचं?" लाल्ला बहीजा उठून ओरडली. "निघा! आणि ती जागा पण..."

"जागेचं बघू," मावशी म्हणाली. "वाजव गं."

शाद्लियाने डफ उचलला. फडकं बांधलेल्या हातांनी तिने तोच ताल धरला, उजवा दणदणीत, डावा हलका. मावशीनेही आपला डफ छातीशी धरला. ठोका गळायची जागा आली. चौकातल्या म्हाताऱ्या बायकांच्या माना सवयीने जराशा खाली गेल्या, पण या दोघी ताठ उभ्या राहिल्या, आणि त्या गळलेल्या ठोक्यावर दोघींनी एक एक पाऊल पुढे टाकलं. पुढच्या फेरीत आणखी एक. चौकातून मागच्या अंगणात, उखळाच्या बाजूने, विहिरीच्या दाराकडे.

"आई, पुढचं दार उघडं आहे," रिहाब उंबऱ्यावरून म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "तिकडून जाऊ ना, सगळ्यांसमोरून! मागच्या दाराने का?"

"हे दार आपलं आहे," शाद्लिया म्हणाली. "टाळ्या येतात का तुला?"

रिहाबने बॅग खाली ठेवली. पहिल्या फेरीत तिची टाळी गळलेल्या ठोक्यावर पडली, चुकीच्या जागी. दुसऱ्या फेरीत ती बरोबर थांबली. मग तिने बॅग उचलून पाठीवर घट्ट आवळली, मावशीच्या काखेत हात घातला, आणि तिघी खारट जमिनीच्या वाटेला लागल्या.